पश्चिम घाटाचा अहवाल नऊ महिने का दडवला गेला? विज्ञान, पारदर्शकता आणि आपला माहितीचा हक्क

वैज्ञानिक दृष्टिकोन हा शब्द आपल्या भाषणांत वारंवार येतो. भारतीय संविधानाच्या कलम ५१ अ (ह) चा उल्लेखही होतो. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवता, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. इथे एक दुरुस्ती आधीच करून घेऊ. हे कलम बाबासाहेबांनी लिहिले असे आपल्यातले काही वक्ते व्यासपीठावरून सांगतात, पण ते खरे नाही. मूलभूत कर्तव्यांचा भाग १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आला. ज्या कलमाच्या आधारे आपण पुरावा मागतो, त्याच्याविषयी तरी आपण चुकीचे बोलू नये.

मात्र हे कर्तव्य फक्त नागरिकाने पाळायचे आणि सरकारने नाही, असे कसे चालेल? अंगारा-धुपारा आणि बुवाबाजीविरुद्ध बोलताना आपल्याला विज्ञान आठवते. पण धरण, खाण, कारखाना, औषध, जनगणना, रोजगाराचे आकडे अशा प्रश्नांवर शासन निर्णय घेते, तेव्हा त्या निर्णयामागचा पुरावा कुठे आहे, हे आपण क्वचितच विचारतो. शास्त्रज्ञांची समिती नेमली जाते, ती अहवाल देते आणि अहवाल कपाटात जातो. पुढे डोंगर खाली आला की सगळ्यांना त्या अहवालाची आठवण होते.

तरुण कार्यकर्त्यांना हा विषय नीट समजावा म्हणून आम्ही पश्चिम घाट तज्ज्ञ समितीच्या अहवालाचे उदाहरण घेतले आहे. महाराष्ट्र आणि गोव्याच्या लोकांचा त्याच्याशी थेट संबंध आहे. शिवाय विज्ञानाचे काय होते आणि माहिती दडवली की लोकशाहीचे काय होते, या दोन्ही गोष्टी या एकाच प्रकरणात दिसतात.

अहवाल आला, पण लोकांपर्यंत आला नाही

मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ समिती नेमली. जयराम रमेश तेव्हा पर्यावरण मंत्री होते. गुजरातपासून तामिळनाडूपर्यंत पसरलेल्या घाटाची पर्यावरणीय स्थिती तपासायची, कोणता भाग किती संवेदनशील आहे ते ठरवायचे आणि त्याच्या संरक्षणासाठी शिफारशी करायच्या, हे समितीचे काम होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील खाणी, वीज प्रकल्प आणि प्रदूषणकारी उद्योग यांच्याकडे खास लक्ष द्यायलाही समितीला सांगण्यात आले.

समितीने सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश विचारात घेतला. नकाशावर सुमारे ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटरचे चौकोन आखले. प्रत्येक चौकोनातील उतार, उंची, वनाच्छादन, दुर्मीळ वनस्पती-प्राणी, नदीकाठ अशा बाबींना गुण दिले आणि त्यावरून तालुकावार तीन विभाग सुचवले. पहिल्या विभागात सर्वांत कडक बंधने होती, तिसऱ्यात सर्वांत सौम्य. नव्या खाणी, नवे विशेष आर्थिक क्षेत्र, नवे हिल स्टेशन, रासायनिक कीटकनाशके, जनुकीय बदल केलेली पिके यांविषयी स्पष्ट शिफारशी होत्या. पण अहवालात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्यावर सर्वांत कमी चर्चा झाली. ही विभागणी अंतिम मानू नये, ती ग्रामसभांपर्यंत न्यावी, लोकांनी चर्चा करून तिच्यात बदल सुचवावेत आणि मगच ती पक्की करावी, असे समितीचे म्हणणे होते.

कोकणातल्या वाचकांनी या अहवालातला लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीचा भाग मुद्दाम वाचावा. नद्या आणि खाड्या प्रदूषित झाल्याचे आणि मासेमारीवर जगणाऱ्यांचे हाल झाल्याचे तिथे नोंदवले आहेच. त्यासोबत आणखी एक नोंद आहे. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली तब्बल १९१ दिवस जमावबंदीचे आदेश लागू होते. पर्यावरणाचा अहवाल लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांनी जमावबंदीचे दिवस का मोजले असतील? कारण प्रदूषणाविरुद्ध बोलणाऱ्यांना एकत्र जमताच येत नसेल, तर पाण्यात काय मिसळते आहे याची खरी माहिती वर पोचणारच नाही. तज्ज्ञांच्या अहवालांत अशी नोंद फारशी आढळत नाही. या समितीचे मोठेपण आम्हाला तिथेच दिसते.

३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल मंत्रालयाला सादर झाला. तोपर्यंत मंत्री बदललेले होते. अहवाल संकेतस्थळावर आला नाही, विधिमंडळांत मांडला गेला नाही आणि ज्या ग्रामसभांनी त्यावर बोलायचे होते त्यांना तो मिळालाही नाही.

केरळमधील एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात तो मागितला. मंत्रालयाने नकार दिला. कारण असे दिले की अहवाल अजून अंतिम झालेला नाही, त्यावर विचार चालू आहे आणि तो उघड केल्यास राज्याच्या वैज्ञानिक व आर्थिक हितसंबंधांना बाधा येईल. यासाठी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(अ) चा आधार घेण्यात आला. या कलमात देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षा आणि अशा हितसंबंधांना बाधा आणणारी माहिती येते. डोंगरउतारांच्या नकाशाला तिथे नेऊन बसवले गेले.

प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. त्या वेळी आयुक्त होते शैलेश गांधी, जे आयुक्त होण्याआधी मुंबईत माहिती अधिकाराचे कार्यकर्ते होते. ९ एप्रिल २०१२ रोजी त्यांनी मंत्रालयाचा युक्तिवाद फेटाळला आणि अहवाल जाहीर करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १७ मे २०१२ रोजी न्यायालयानेही मंत्रालयाची याचिका फेटाळली. अंतिम धोरण ठरल्यावरच अहवाल दाखवू, या म्हणण्यात मोठी खोच आहे. धोरण ठरल्यावर लोकांनी मत देऊन उपयोग काय? लोकांचा सहभाग धोरण ठरण्याआधी व्हायला हवा आणि त्यासाठी कागद आधी मिळायला हवा, हेच या निर्णयातून पुढे आले. २३ मे रोजी अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला. सादर झाल्यापासून जवळपास नऊ महिने उलटले होते.

नऊ महिन्यांत काय घडते

माहिती दडवली की तिची जागा रिकामी राहत नाही. तिथे अफवा येते. घर बांधता येणार नाही, विहीर खोदता येणार नाही, आंब्याची बाग जाईल, गाव उठवतील, अशी भीती घाटाच्या दोन्ही बाजूंना पसरली. अहवाल इंग्रजीत होता आणि शेकडो पानांचा होता. गावातल्या माणसाने तो वाचावा कसा? ज्यांना खाणी आणि रिसॉर्ट हवे होते त्यांनी अहवाल वाचला आणि गावकऱ्यांना आपल्या सोयीने समजावला. केरळमध्ये शेतकऱ्यांचा विरोध रस्त्यावर उतरला. त्यात खऱ्या शंकाही होत्या. ज्यांचे पोट डोंगरावरच्या शेतीवर आहे त्यांना कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद करा असे सांगताना, त्या काळात त्यांचे उत्पन्न कोण भरून देणार, याचे उत्तर सरकारने द्यायचे होते. ते दिले गेले नाही.

गाडगीळ अहवालात उणिवा होत्या. तालुका हे एकक फार मोठे आहे. एकाच तालुक्यात खडा कडा असतो आणि सपाट भातशेतीही असते. काही भागांची माहिती अपुरी होती आणि समितीने ते लपवले नव्हते. या उणिवा दुरुस्त करण्याची पद्धतही अहवालातच होती, ती म्हणजे खाली जा, लोकांना दाखवा, बदल करा. अहवाल अजून अंतिम नाही, या कारणावरून तो दडवण्यात आला. पण तो अंतिम होण्यासाठीच लोकांसमोर जायला हवा होता.

अहवाल बाहेर आल्यावर तीनच महिन्यांत, ऑगस्ट २०१२ मध्ये, मंत्रालयाने दुसरी समिती नेमली. अध्यक्ष होते अवकाश शास्त्रज्ञ डॉ. के. कस्तुरीरंगन. या समितीने उपग्रह प्रतिमांच्या आधारे सांस्कृतिक भूभाग आणि नैसर्गिक भूभाग असा फरक केला आणि एप्रिल २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील ठरवण्याची शिफारस केली. तालुक्याऐवजी गाव हे एकक घेतले, ही सुधारणाच होती. पण निर्णयाचा रोख वरून खाली असा झाला. गाडगीळ यांनी कस्तुरीरंगन यांना खुले पत्र लिहून याच मुद्द्यावर जाहीर आक्षेप घेतला. आर्थिक निर्णयांत स्थानिक समाजाला स्थान नाही अशी भूमिका लोकशाहीला धरून नाही, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता. दोन शास्त्रज्ञांचे मतभेद लोकांसमोर आले हे चांगलेच झाले. विज्ञान असेच पुढे जाते. बंद खोलीतली चर्चा आपल्याला तपासता येत नाही.

त्यानंतर काय? मसुदा अधिसूचना. पहिली मार्च २०१४ मध्ये निघाली. ठरलेल्या मुदतीत अंतिम झाली नाही की मसुदा बाद होतो आणि नवा काढावा लागतो. असे पुन्हा पुन्हा झाले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. त्यात सहा राज्यांतील एकूण ५६ हजार ८०० चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र आहे. महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर. तारीख पुन्हा पाहा. आदल्याच दिवशी, ३० जुलैच्या पहाटे, केरळच्या वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे दरडीखाली गेली होती आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली होती.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी

महाराष्ट्राची यादी आपल्याला पाठ झाली आहे. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातले माळीण, १५१ मृत्यू. २२ जुलै २०२१, महाड तालुक्यातले तळिये, ऐंशीहून अधिक मृत्यू. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिथे २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. दरवर्षी २० मार्चला आपण चवदार तळ्यावर ज्या महाडला जातो, तळिये त्याच तालुक्यात आहे. इर्शाळवाडी ही ठाकूर आदिवासींची वाडी, गाडीरस्ता नसलेली. बचाव पथकांना चिखलातून पायी चढावे लागले.

गाडगीळ अहवाल लागू झाला असता तर या दरडी कोसळल्याच नसत्या, असे समाजमाध्यमांवर सर्रास लिहिले जाते. आम्ही तसे म्हणणार नाही. अतिवृष्टी, खडकाची झीज, मातीचा थर, उताराचा कोन, वर केलेली खोदाई, पाण्याचे अडलेले मार्ग अशी दरडीची अनेक कारणे असतात आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचे प्रमाण वेगळे असते. बंधने पाळूनही एखादा कडा सुटू शकतो. पुराव्याची बाजू घेणाऱ्याने पुराव्यापेक्षा मोठे बोलू नये, नाहीतर समोरचा पहिल्या चुकीवर बोट ठेवून सगळेच झटकून टाकतो.

पण एक प्रश्न ठामपणे विचारता येतो. इर्शाळवाडीच्या दुर्घटनेनंतर राज्य सरकारने विधानसभेत सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मग ती यादी कोणत्या पद्धतीने तयार झाली होती? कोणी पाहणी केली होती? मूळ गाव पाहिले की डोंगरावरच्या वाड्याही पाहिल्या? यादी गावाच्या चावडीवर कधी लावली गेली होती का, म्हणजे कोणी म्हातारा माणूस तरी म्हणाला असता की वरच्या वाडीचे नाव राहिले?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ पासून देशभर दरडींची शक्यता दाखवणारे नकाशे १:५०,००० या प्रमाणात तयार केले आहेत. ते संस्थेच्या भूकोश या संकेतस्थळावर पाहता येतात. या प्रमाणाचा अर्थ समजून घ्या. नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी अशा नकाशावर दोन-तीन मिलिमीटरची असते. म्हणून हा नकाशा जिल्ह्याच्या नियोजनाला उपयोगी आहे, पण कोणते घर हलवायचे ते त्यावरून ठरत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष पाहणी हवी आणि तिथे राहणाऱ्या माणसांची माहिती हवी. डोंगराला भेग कधी पडली, झऱ्याचे पाणी गढूळ कधी झाले, हे उपग्रहाच्या आधी वाडीतल्या बाईला कळते. तिचे निरीक्षण कागदावर घेणे हेही विज्ञानच आहे.

उत्तराखंडातील जोशीमठचे उदाहरण याच जातीचे. जानेवारी २०२३ मध्ये शहर खचू लागले. राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राचा उपग्रह अहवाल सांगत होता की बारा दिवसांत जमीन सुमारे ५.४ सेंटीमीटर खाली गेली. तो लगेच काढून घेण्यात आला आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शास्त्रीय संस्थांना माध्यमांशी बोलू नका असे कळवले. घरांना तडे गेलेल्या माणसांना तड्यांचे कारण सांगायचे नाही, असा तो प्रकार होता. पुढे उत्तराखंड उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर संस्थांचे अहवाल बाहेर आले.

ग्रामसभा म्हणजे कोण?

लोकांना विचारा, ग्रामसभेला विचारा, असे गाडगीळ म्हणतात. आपल्या समाजातील कार्यकर्त्याच्या मनात इथे लगेच शंका येते आणि ती योग्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती आणि गाव नव्हे तर व्यक्ती हे राज्यघटनेचे एकक मानल्याचे समाधान व्यक्त केले होते. गावाची सभा म्हणजे अनेकदा गावातल्या दोन-चार घराण्यांची सभा. बौद्धवाडीतली, धनगरवाड्यातली, कातकरी वस्तीतली माणसे मागे उभी राहतात आणि ठराव आधीच लिहिलेला असतो. खाणीला जमीन विकणारा आणि खाणीची धूळ खाणारा, दोघेही त्याच गावचे असतात.

म्हणून ग्रामसभा नको, असे आमचे म्हणणे नाही. तज्ज्ञ आणि अधिकारी यांच्यावर सगळे सोपवले तर मागे उभा राहणारा माणूस सभेच्या बाहेरच जाईल. ग्रामसभेत काय चालले आहे तेही उघड असले पाहिजे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. नोटीस, हजेरी, ठरावाची नक्कल हे सगळे मागता येते. ठरावात आपला विरोध लेखी नोंदवायला लावता येतो. बाबासाहेबांची शंका लक्षात ठेवून ग्रामसभेत बसणे, हाच आम्हाला मार्ग दिसतो. तिथून उठून येणे परवडणारे नाही.

भाषेचा प्रश्नही इथलाच. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने फक्त हिंदी आणि इंग्रजीत काढला आणि देशभरातून हरकती मागवल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. मराठी माणसाने हरकत घ्यायची तर आधी त्याला मसुदा मराठीत मिळायला हवा. इतकी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली.

हातात काय आहे

माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. महाराष्ट्राने त्याआधी स्वतःचा कायदा केला होता. आपले बहुतेक कार्यकर्ते कलम ६ वापरतात, म्हणजे अर्ज करतात. कलम ४ फार कमी जणांनी वाचलेले असते. महत्त्वाची धोरणे आखताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि निर्णयामुळे बाधित होणाऱ्यांना निर्णयाची कारणे देणे, हे कलम ४ नुसार शासनाचे कर्तव्य आहे. कोणी मागण्याची वाट पाहायची नाही. गाडगीळ अहवालाच्या निकालात याच कलमाचे वजन होते. अर्जात त्याचा उल्लेख करावा.

अर्जाची पद्धत थोडक्यात. महाराष्ट्रात जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही. एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, असा राज्याचा नियम आहे. माहिती का हवी हे सांगावे लागत नाही आणि कोणी विचारले तरी सांगू नये. उत्तर ३० दिवसांत. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत, आणि डोंगराला भेग पडलेली असेल तर तो जीविताचाच प्रश्न आहे, हे अर्जात स्पष्ट लिहावे. उत्तर नाही किंवा चुकीचे आले तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. माहिती देण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात आयोगाकडे प्रकरणे साचलेली असतात, त्यामुळे पहिला अर्जच नेमका लिहावा.

काय मागायचे? दरडीबाबत सर्व माहिती द्या, असा अर्ज निरुपयोगी. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून तालुक्यातील दरडप्रवण गावांची व वाड्यांची यादी, ती ज्या पाहणी अहवालावर आधारित आहे त्याची प्रत, पाहणीची तारीख, पुनर्वसनासाठी सुचवलेली जागा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार केलेला जिल्हा आराखडा, असे कागद नावानिशी मागावेत. फायली प्रत्यक्ष पाहण्याचा हक्कही कायद्यात आहे आणि पुष्कळदा त्यातूनच जास्त कळते. प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर तीस दिवस आधी नोटीस आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. सुनावणीचे चित्रीकरण होते, त्याची प्रतही मागता येते.

एक सावधगिरी. महाराष्ट्रात माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झाले आहेत. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. विषय जमीन, वाळू, खाण यांचा असेल तर एकट्याने अर्ज करू नका. एकच माहिती पाच गावांतल्या पाच जणांनी मागावी आणि मिळालेला कागद लगेच सर्वांकडे पाठवावा.

कायदा कसा बोथट होतो आहे

२०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. पूर्वी पाच वर्षांची मुदत कायद्यातच होती. ज्या सरकारविरुद्ध निकाल द्यायचा, तेच आयुक्ताची मुदत ठरवणार. शैलेश गांधींसारखा आदेश देताना आयुक्ताला याचा विचार करावा लागेल की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरी दुरुस्ती अधिक गंभीर आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ज) बदलले. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणाचा अकारण भंग होतो, हे दाखवावे लागे. आता व्यक्तिगत माहिती आहे एवढे म्हटले तरी पुरते. शिष्यवृत्तीची लाभार्थी यादी, खोट्या जात प्रमाणपत्रावर मिळवलेली नोकरी, घरकुलाची यादी, रोजगार हमीची हजेरी या सगळ्यांत नावे असतात. आपल्या समाजाच्या योजनांचा पैसा कुठे मुरला हे शोधायचे तर नावेच लागतात. कलम ८(२) मात्र शाबूत आहे. सार्वजनिक हित अधिक मोठे असेल तर माहिती देता येते. यापुढे प्रत्येक अर्जात आणि अपिलात सार्वजनिक हित कोणते, हे दोन ओळींत लिहावे लागेल.

आकड्यांचे काय? २०१७-१८ चा कुटुंब उपभोग खर्चाचा सर्वेक्षण अहवाल केंद्राने दर्जाचे कारण देऊन प्रसिद्धच केला नाही. बेरोजगारीचा अहवाल रोखल्याच्या वादातून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले आणि तो अहवाल लोकसभा निवडणूक संपल्यावर ३१ मे रोजी आला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेतील जातीची माहिती आजवर जाहीर झालेली नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. भारतात बौद्धांची संख्या किती, या प्रश्नाला आपण अजून २०११ चाच आकडा सांगतो. देशात सुमारे ८४ लाख, त्यातले ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर आज वसतिगृहाच्या जागा, शिष्यवृत्ती आणि निधी मागावा लागतो. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातीची नोंदही होणार आहे. प्रश्नावली कशी आहे, धर्म बौद्ध नोंदवल्यावर अनुसूचित जातीची नोंद कशी होते, प्रगणकांना काय सूचना दिल्या आहेत, हे कागद आपल्या प्रत्येक तालुका शाखेने आत्ताच मिळवून वाचायला हवेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तरी रकाना भरताना गोंधळ होतो हे आपण सगळे जाणतो.

आमच्याकडे घाटमाथ्यावरचे आणि कोकणातले तरुण विचारणा करतात की सुरुवात कुठून करावी. आमचे उत्तर ठरलेले आहे. आपल्या गावाचे नाव सहाव्या मसुदा अधिसूचनेच्या यादीत आहे का ते आधी पाहा. असेल तर त्यातली बंधने नेमकी कोणती ते वाचा. खाणकाम, लाल गटातील उद्योग, औष्णिक वीज प्रकल्प आणि मोठी बांधकामे यांवर रोख आहे. घराची दुरुस्ती किंवा शेती यावर नाही. ते मराठीत एका पानावर उतरवा. ते पान घेऊन पुढच्या ग्रामसभेत जा आणि बौद्धवाडीतल्या बायकांना बरोबर न्या. पावसाळ्याच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दरडप्रवण यादीची प्रत हातात आली पाहिजे, म्हणजे अर्ज मार्चच्या सुरुवातीला जायला हवा. ३० दिवस उत्तराचे आणि त्यानंतर अपिलाचे ४५ दिवसांपर्यंत धरले, तरी जूनच्या आधी वाड्यांची नावे तपासून घेता येतील.